उत्तर आलं, पण कशाचं?

"एसक्यूएल दोन दिवसांत शिकवून होईल का?" असं कोर्स ठरवणारी मंडळी विचारतात आणि मी हो म्हणते. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांना प्रश्न विचारायची भाषा, आणि तिच्यातला एक प्रश्न म्हणजे क्वेरी. ते खोटंही नसतं. सिलेक्ट (काय दाखवायचं), फ्रॉम (कुठल्या टेबलातून), व्हेअर (कुठल्या अटीवर) एवढं तर पहिल्या सुट्टीच्या आधीच उरकतं. संध्याकाळपर्यंत ग्रुप बाय, म्हणजे ओळींचे गट करणं, होतं. दुसऱ्या दिवशी जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, आणि जमलंच तर क्वेरीच्या आतली सबक्वेरी. अभ्यासक्रमाचा कागद भरलेला दिसतो, सगळ्यांच्या स्क्रीनवर काही ना काही येतं, शेवटी भरून घेतलेल्या फॉर्मवर चांगले शेरे पडतात. अडचण एवढीच की एसक्यूएलमध्ये उत्तर येणं आणि ते बरोबर असणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन दिवसांत पहिलीच शिकवून होते.

कॉलमचं नाव चुकलं, स्वल्पविराम राहिला, कंस मिटला नाही, तर डेटाबेस लगेच ओरडतो. शिकणाऱ्याला तो ओरडा झोंबतो, पण खरं तर ते त्याच्यावर उपकारच असतात. घातक चुका निराळ्या. त्यांत क्वेरी निमूट चालते, सुबक तक्ता येतो, बेरीज दशांशापर्यंत नीट छापलेली असते आणि आकडा साफ चुकीचा असतो. छोट्या कोर्समध्ये आपला बहुतेक वेळ पहिल्या जातीच्या चुका निस्तरण्यात जातो. माणूस ऑफिसात परतल्यावर गोत्यात येतो तो मात्र दुसऱ्या जातीमुळे.

ही भाषा मुळात फक्त प्रोग्रामरसाठी काढलेली नव्हती, हे मी वर्गात आवर्जून सांगते. कारण अर्धा वर्ग "हे आपलं काम नव्हे" असा चेहरा करून बसलेला असतो. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची कल्पना, मांडलं, ते गणिताच्या भाषेत. साध्या माणसाला ती भाषा झेपणारी नव्हती. मग तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये 'सीक्वेल' ही भाषा मांडली आणि ती कोणाच्या उपयोगाची हे सांगताना हिशेबनीस, इंजिनियर, वास्तुविशारद, नगररचनाकार अशांची उदाहरणं दिली. पुढे ते नाव विमानं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचा ट्रेडमार्क असल्याचं निघालं आणि आखडून एसक्यूएल झालं.

मला या सगळ्यात जास्त आवडतो तो आयबीएमच्याच संशोधक फिलिस राइझनर यांचा भाग. बॉइस आणि चेंबरलिन यांच्यासोबत त्यांनी १९७५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सीक्वेल आणि तिच्या आधीची स्क्वेअर, या दोन्ही भाषा त्यांनी रीतसर वर्ग भरवून शिकवल्या. प्रोग्रामिंग येणारे एकीकडे, न येणारे दुसरीकडे. आणि मग परीक्षा घेतली. ओरॅकलचा एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस विकायला आला १९७९ मध्ये. म्हणजे दुकानात यायच्या आधी ही भाषा वर्गात येऊन गेली होती! क्रॅश कोर्सची टिंगल करणाऱ्यांना मी हे ऐकवते.

आता वर्गात येतात त्या माणसांविषयी. लेखा विभागातले, स्टोअर्समधले, एचआरमधले, दवाखान्याच्या नोंदी सांभाळणारे. वय काहीही. त्यांना डेटा नवा नसतो. वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये काम केलेलं असतं आणि ती सवय बोटांत मुरलेली असते. त्यातलं पुष्कळ कामाला येतं. एक्सेलमधलं गटवार बेरजांचं पिव्होट टेबल येणाऱ्या माणसाला ग्रुप बाय वेगळं शिकवावंच लागत नाही. पिव्होटमध्ये ज्या खान्यात तुम्ही 'विभाग' ओढून टाकता तेच इथे ग्रुप बायनंतर लिहायचं, एवढं म्हटलं की झालं.

आडवं येतं ते व्हीलूकअप, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातून जुळणारं मूल्य शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र. हातखंडा असतो लोकांचा त्यात, आणि जॉइन दाखवला की चेहरे खुलतात: "अहो मॅडम, म्हणजे व्हीलूकअपच की!" इथे मान डोलावण्याचा मोह होतो, कारण वर्ग खूश असतो आणि घड्याळ पळत असतं. पण व्हीलूकअप पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबतं. जॉइन थांबत नाही. जितक्या ओळी जुळतील तितक्या तो देतो. एवढ्याशा फरकावर मी अर्धा दिवस खर्च करते आणि त्यासाठी बाकी काय वाटेल ते सोडून द्यायला तयार असते.

पुस्तकांत जॉइन समजावायला एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढतात. ती वर्तुळं मला पटत नाहीत. कुठल्या बाजूच्या न जुळलेल्या ओळी राहतील आणि कुठल्या गळतील हे त्यांतून कळतं, कबूल. पण एका ओळीच्या तीन ओळी झालेल्या त्या वर्तुळांत कुठे दिसतात? मी वर्तुळं न काढता कागदाच्या पट्ट्या कापून आणते. ऑर्डरच्या पट्ट्या एका ढिगात, माल आल्याच्या नोंदी दुसऱ्या ढिगात, आणि जोड्या हाताने लावायच्या. ऑर्डर क्रमांक १०१, मागवलेले नग ५००. हा माल तीन खेपांत आला: २००, २०० आणि १००. तीन खेपांशेजारी ठेवायला ऑर्डरची पट्टी तीनदा लागते आणि पट्टी तर एकच आहे. मग कोणीतरी म्हणतं, "अजून दोन लिहून काढायच्या का?" हो, लिहून काढा. जॉइन तेच करतो.

तरीही दुपारी कम्प्यूटरवर बसल्यावर हीच चूक होते. व्हायलाच हवी. मागवलेले किती, आले किती, बाकी किती, असा अहवाल काढायला सांगितला होता. क्वेरी चालली. मागवलेले १५००, आलेले ५००, बाकी १०००. वर्गातल्या चटपटीत मुलांनी आकडे उतरवून पुढचा प्रश्न सोडवायला घेतलासुद्धा. स्टोअर्समध्ये उभा जन्म काढलेल्या एक बाई मात्र हात जोडून तशाच बसलेल्या.

"काय झालं? नाही आलं का उत्तर?"

"आलंय. पण मॅडम, हे खरं नाही."

"कशावरून?"

"पाचशेवर कोण मागवतंय या वस्तूचे नग? आणि मागवले तर ठेवणार कुठे?"

त्यांना जॉइन नीट कळला नव्हता. गटांवर अट लावणाऱ्या हॅविंगचं नाव काढलं तरी त्या कपाळाला हात लावत. पण त्या आकड्यामागचा माल त्यांच्या डोळ्यांपुढे उभा होता. तो अहवाल तसाच पुढे गेला असता, तर कोणीही न मागवलेल्या हजार नगांसाठी पुरवठादाराच्या मागे कोणीतरी तगादा लावत बसलं असतं. मी ती स्क्रीन प्रोजेक्टरवर घेतली आणि बाईंनाच समजावून सांगायला लावलं.

गंमत त्यानंतरची. पुढच्या बाकावरचा एक जण लगेच म्हणाला, "डिस्टिंक्ट टाकलं की काम झालं!" डिस्टिंक्ट म्हणजे सारखी मूल्यं एकदाच धरायची आज्ञा. ही गोळी सगळ्यांना कुठून सापडते कोण जाणे. बेरजेच्या आत डिस्टिंक्ट टाकल्यावर १५०० चे खरोखर ५०० झाले. टाळ्या पडायच्या बेतात होत्या. मग मी टेबलात आणखी एक ऑर्डर भरली, क्रमांक १०२, नग तेवढेच, ५००. खरी बेरीज आता १००० व्हायला हवी. उत्तर आलं ५००. डिस्टिंक्टने दोन वेगळ्या ऑर्डरींचे सारखे आकडे एकच समजून एक गाळून टाकला. दुखणं ओळींचं होतं, आणि औषध लावलं आकड्यांना. खरा उपाय असा की खेपांची आधी ऑर्डरवार बेरीज करून घ्यायची, म्हणजे प्रत्येक ऑर्डरमागे एकच ओळ राहते, आणि मग जॉइन. क्वेरी लांबते, पण उत्तर खरं येतं.

यातूनच माझ्या वर्गाचा एकुलता एक नियम निघाला आहे. कुठलीही क्वेरी लिहिण्याआधी वर एक कॉमेंट टाकायची: एक ओळ म्हणजे काय? 'एक ओळ = एक ऑर्डर.' 'एक ओळ = एका ऑर्डरची एक खेप.' 'एक ओळ = एका कर्मचाऱ्याचा एक महिना.' जॉइन केला की ती कॉमेंट पुन्हा वाचायची आणि अजून खरी आहे का ते पाहायचं. आणि रन दाबायच्या आधी बाजूच्या वहीत लिहायचं की साधारण किती ओळी येतील. अंदाज चुकला तरी चालेल, पण लिहिलेला पाहिजे. वहीत ८० लिहिलेलं असेल आणि खाली २१५ ओळी दिसल्या की माणूस आपोआप थबकतो. अंदाजच लिहिला नसेल तर २१५ हा आकडा फार छान दिसतो. बहुतेकांना पहिल्या दहा ओळी पाहून समाधान मानायची सवय असते; पण शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, सडलेलं शीत नेमकं तळाशी असतं.

नलचंही तसंच. पाठ्यपुस्तकात नल हा एक छोटा मुद्दा असतो: रिकामी जागा, 'इज नल' असं तपासायचं, पुढे चला. मी त्याला जास्त मान देते. १०० कर्मचाऱ्यांचं टेबल घ्या. विक्री विभागात किती? ४०. विक्री सोडून इतर किती? व्हेअरमध्ये 'विभाग विक्री नाही' अशी अट टाकली की उत्तर येतं ५२. मग आठ जण गेले कुठे? वर्गात या प्रश्नावर चांगली खडाजंगी होते. कोणी म्हणतं टेबलच चुकलंय, कोणी पुन्हा मोजतं. ते आठ जण म्हणजे ज्यांचा विभाग अजून भरलेलाच नाही ते. त्यांचा विभाग विक्री आहे का? माहीत नाही. विक्री नाही का? तेही माहीत नाही. व्हेअर फक्त नक्की 'हो' असलेल्या ओळी आत घेतं; 'माहीत नाही' हे त्याच्या लेखी 'नाही' इतकंच निरुपयोगी. त्यामुळे ही आठ माणसं दोन्ही याद्यांतून गायब होतात आणि कुठेही लाल अक्षर उमटत नाही. एचआरवाल्यांना हे लगेच पोचतं, कारण विभाग न मिळालेला माणूस म्हणजे काय हे त्यांना रोज दिसत असतं.

'नॉट इन' म्हणजे 'या यादीत नसलेले' ही अट. तिच्या आतल्या यादीत एखादं नल शिरलं तर एकही ओळ येत नाही, हे मी फक्त करून दाखवते. का ते विचारणाऱ्याला सुट्टीत गाठायला सांगते.

क्वेरी लिहायचा क्रम आणि ती समजून घ्यायचा क्रम वेगळा आहे. लिहिताना सिलेक्ट सगळ्यात वर. अर्थ लावताना आधी फ्रॉम, मग व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, त्यानंतर सिलेक्ट आणि शेवटी ओळींचा क्रम लावणारं ऑर्डर बाय. सिलेक्टमध्ये ठेवलेलं टोपणनाव बहुतेक डेटाबेसांत व्हेअरमध्ये का चालत नाही, हे कोडं याने सुटतं: व्हेअरच्या वेळी त्या नावाचा जन्मच झालेला नसतो. वेल्टी आणि स्टेंपल या दोघा संशोधकांनी १९८१ मध्ये एसक्यूएलची तुलना पायरीपायरीने लिहायच्या एका भाषेशी केली होती. अवघड प्रश्न लोकांना पायऱ्यांच्या भाषेत जास्त चांगले जमले. मला त्याचं नवल वाटलं नाही. एका दमात अख्खी क्वेरी पाडायला सांगितली की माणूस गांगरतो. म्हणून मी आधी ती तोंडी सांगायला लावते: "ऑर्डरच्या टेबलातून, या वर्षीच्या ऑर्डरी घेऊन, पुरवठादारवार गट करून, दहापेक्षा जास्त ऑर्डरी असलेले गट ठेवून, पुरवठादाराचं नाव आणि ऑर्डरींची संख्या दाखव." बोललेलं वाक्य आपसूक फ्रॉमपासून निघून सिलेक्टवर संपतं. मग तेच, सिलेक्टचा तुकडा उचलून वर ठेवून, टाइप करायचं.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं यावरून शिकवणाऱ्यांत भांडणं होतात, आणि मीही त्यांत असते. एसक्यूलाइट सोयीचं आहे. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, सर्व्हर लागत नाही, परवानग्यांचं लचांड नाही. कमी वेळात ही फार मोठी सोय. पण ते नको तितकं समजूतदार आहे. ग्रुप बायमध्ये न घेतलेला कॉलम तुम्ही सिलेक्टमध्ये लिहिलात तरी ते हरकत घेत नाही; गटातल्या कुठल्या तरी ओळीतलं मूल्य उचलून देतं. मायएसक्यूएलही ५.७ या आवृत्तीच्या आधी मुळात असंच सोडून द्यायचं. पोस्टग्रेस तिथेच अडवतं. ज्याने उद्या त्या आकड्यावर सही करायची आहे, त्याला शिकताना अडवणारंच सॉफ्टवेअर मिळावं, असं माझं मत. इन्स्टॉल करण्यात सकाळचा तास गेला तरी गेला. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या वर्गात सकाळी नऊ वाजता सगळ्यांची पहिली क्वेरी चाललेली असते, हे मान्य करावंच लागतं.

मग सोडायचं काय? नॉर्मल फॉर्म, म्हणजे टेबलं कशी बांधावीत याचे नियम, मी सोडते. ज्यांना टेबलं बांधायची नाहीत, फक्त वाचायची आहेत, त्यांना प्रत्येक ओळीची ओळख असलेली प्रायमरी की कळली की पुरे. शोध जलद करणारे इंडेक्स सोडते. ओळी एकत्र न गुंडाळता गटाचा हिशेब देणारी विंडो फंक्शन्स जिवावर येऊन सोडते, कारण ती सुंदर आहेत. उजव्या टेबलातल्या न जुळलेल्या ओळीही ठेवणारा राइट जॉइन मी शिकवतच नाही. टेबलांची अदलाबदल केली की लेफ्ट जॉइननेच काम होतं.

मोठ्या माणसांच्या वर्गाची आणखी एक तऱ्हा आहे. त्यात साहेब आणि त्यांच्या हाताखालची माणसं एकाच बॅचला बसलेली असतात. साहेबांना अडलं तर ते विचारत नाहीत, आणि साहेबांच्या आधी उत्तर आलं तर हाताखालचा सांगत नाही. "समजलं ना?" या प्रश्नाला सगळा वर्ग "हो" म्हणतो. म्हणून तो प्रश्न मी टाकून दिला आहे. त्याऐवजी एक तयार क्वेरी आणि तिचं उत्तर वाटते, उत्तर चुकीचं आहे एवढं सांगते आणि दोघादोघांना मिळून चूक शोधायला लावते. चूक माझ्या क्वेरीतली असल्यामुळे कोणाचीच अब्रू जात नाही. साहेबसुद्धा चष्मा वर करून कागदात डोकं घालतात.

हल्ली एक प्रश्न हमखास येतो: एआयला मराठीत सांगितलं तरी क्वेरी लिहून मिळते, मग हे शिकायचं कशाला? मी वर्गातच त्याच्याकडून स्टोअर्सचा तो अहवाल लिहून घेते. कधी तो खेपांची बेरीज आधी करून घेतो, कधी सरळ जॉइन ठोकतो आणि १५०० दाखवतो. ऑर्डरमागे खेपा किती येतात हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळायचा मार्ग नसतो. टाइप करायचं काम कमी झालं, हे खरंच आहे. त्यामुळे मला तर मोकळा वेळ मिळाला: पूर्वी जो स्वल्पविरामांत जायचा तो आता आकड्यांवर भांडण्यात घालवता येतो.

कोर्स संपल्यावर काय होतं याची चिंता कोर्स ठरवणाऱ्यांना क्वचितच असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरलं जातं आणि सराव विखरून केला तर जास्त टिकतं. सलग दोन दिवसांचा कोर्स याच्या अगदी उलट बेतलेला असतो. एकदा सुचवून पाहिलं, अर्धा-अर्धा दिवस करून चार आठवड्यांत घेऊ या म्हणून. लोकांना कामावरून तितक्या वेळा सोडता येणार नाही, असं उत्तर आलं, आणि तेही त्यांच्या बाजूने बरोबरच होतं.

पण त्याहून मोठी अडचण साधी आहे. माणूस उत्साहाने परत जातो आणि त्याला डेटाबेसला हात लावायची परवानगीच नसते. आयटीवाले म्हणतात, चालू डेटाबेसवर कोणी वेडीवाकडी क्वेरी चालवली तर सगळी कामं अडतील. त्यांची भीती खोटी नाही. अटीशिवाय जोडलेली दोन मोठी टेबलं सर्व्हरला घाम फोडू शकतात. म्हणून आता शेवटच्या तासाला मी नवं काही घेत नाही. प्रत्येकाला एक अर्ज लिहायला लावते. त्यात तीन गोष्टी मागायच्या: फक्त वाचण्याचे अधिकार, तेही चालू डेटाबेसवर न देता रात्री घेतलेल्या प्रतीवर, आपल्या कामाच्या चार-पाच टेबलांची नावं, आणि त्या प्रत्येक टेबलात एक ओळ म्हणजे काय, हे सांगू शकेल अशा माणसाचं नाव. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच जणांना मिळतात. तिसरीसाठी आयटीतून उलट फोन येतो, की हे आम्हालाही नक्की माहीत नाही, तुमच्या स्टोअर्समधल्या बाईंना विचारून सांगता का?